नमन नीट घाला : गोव्यात नवे अल्बम काढणाऱ्या मंडळींना खुले पत्र

प्रति,
गोव्यातली भजनी मंडळं, घुमट या मातीच्या वाद्यावर आरत्या म्हणणारी पथकं, नाट्यगीतं-भावगीतं गाणारे तरुण गायक-गायिका आणि त्यांचं ध्वनिमुद्रण करून देणारे सगळे स्टुडिओवाले

सप्रेम नमस्कार.

फोंड्याच्या बाजारात माझं कॅसेटचं दुकान होतं. १९८७ साली सुरू केलं आणि २००९ साली शटर शेवटचं खाली ओढलं. बावीस वर्षं मी गाणी विकली, पण त्याहून जास्त गाण्यांच्या सुरुवाती ऐकल्या. गिऱ्हाईक यायचं, कॅसेट हातात घेऊन उलटसुलट बघायचं आणि म्हणायचं, "मातशी लावन दाखय." मग वरचं प्लॅस्टिक काढायचं, कॅसेट डेकमध्ये घालायची, ए साईड, पहिलं गाणं. अर्धा-पाऊण मिनिट. तेवढ्यात त्याच्या चेहऱ्यावरून कळायचं की खिशात हात जाणार की नाही. दिवसातून तीस-चाळीस वेळा हे व्हायचं. कितीतरी अल्बमची बी साईड मी कधी ऐकली नसेल, पण त्यांचं पहिलं गाणं आजही झोपेतून उठवून विचारलंत तर कुठल्या वाद्यावर सुरू होतं ते सांगेन.

आता कॅसेट नाही. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की पेनड्राइव्ह येतो, नाहीतर फोनवर लिंक येते. ओळखीची मंडळं, शेजारची मुलं, भाचेमंडळी प्रेमाने पाठवतात आणि म्हणतात, "काका, ऐकून सांगा." मी ऐकतो, आणि पहिल्यापासून क्रमाने ऐकतो. गळे चांगले आहेत, अभ्यास आहे, मुद्रण तर आमच्या वेळेपेक्षा कितीतरी स्वच्छ असतं. तरी एका गोष्टीने जीव तुटतो. पहिलं गाणं कुठलं असावं याचा विचार कुणी केलेलाच नसतो. काहींनी सगळ्यात जोरकस गाणं पुढे काढून ठेवलेलं असतं. काहींनी जे आधी मुद्रित झालं ते आधी लावलेलं असतं. आणि एका अल्बममध्ये तर पहिली चार मिनिटं देणगीदारांची नावं आणि आभार होते, पाठीमागे कीबोर्डवरची धून, मग "आता ऐकू या" असं म्हणून अभंग. ज्यांनी पैसे दिले त्यांचे उपकार मोठे आहेत, ते मीही मानतो. पण देवळात शिरताना आधी पावतीपुस्तक पुढे धरत नाहीत.

म्हणून हे पत्र. पहिलं गाणं हे नमन आहे. ते विचार करून घाला, एवढंच मागणं आहे, पण का मागतो आहे ते सविस्तर सांगतो.

ही गोष्ट मला शिकवली मडकईच्या एका निवृत्त मास्तरांनी. त्या काळी लोक चिठ्ठीवर गाणी लिहून आणायचे आणि आम्ही ती ब्लँक कॅसेटवर भरून द्यायचो. ते योग्य नव्हतं हे आज कळतं. तेव्हा प्रत्येक दुकानात चालायचं. नव्वद मिनिटांच्या कॅसेटमध्ये एक गाणं जास्त बसावं म्हणून मी काटकसर करायचो. डेकचं पॉजचं बटण दाबून धरायचं आणि गळा सुरू झाला की नेमकं सोडायचं. मास्तरांनी स्वतःकडची सकाळच्या रागांची एक लाँगप्ले तबकडी आणून दिली होती, ती कॅसेटवर उतरवून हवी होती. दोन दिवसांनी ते परत आले. कॅसेट काउंटरवर ठेवली आणि विचारलं, "तंबोरो खंय गेलो?"

मी म्हटलं, "मास्तर, गाणं पूर्ण आहे. एक शब्द गेलेला नाही."

ते रागावले नाहीत. स्टुलावर बसले, तबकडी लावायला सांगितली. सुई टेकली, थोडी खरखर, मग नुसता तंबोरा. वीसएक सेकंद तंबोराच. "आतां सा लाय," ते म्हणाले. मी गाणारा नव्हे, पण लागला. मलाच नवल वाटलं. मग म्हणाले, आता तुझी कॅसेट लाव. गळा एकदम अंगावर आला. "आतां लाय सा." मी चाचपडत राहिलो. गायक कुठल्या पट्टीत उभा आहे हे माझ्या कानाला सापडेपर्यंत त्याच्या दोन आवर्तनांचं काम होऊन गेलं होतं.

त्या दिवसापासून मी पॉजचं बटण वेगळ्या तऱ्हेने दाबायला लागलो. आणि अल्बमच्या पहिल्या गाण्याकडे बघण्याची नजरच बदलली. त्या वीस सेकंदांच्या तंबोऱ्याने जे माझ्या कानाचं केलं, तेच पहिलं गाणं सगळ्या अल्बमसाठी करतं. पुढचा पाऊण तास कुठल्या पट्टीत, कुठल्या चालीने, किती सावकाश किंवा किती घाईने जायचं आहे, ते ऐकणाऱ्याच्या अंगात भिनवतं.

ही सोय जुन्या तबकडीला नव्हती. ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूला तीनेक मिनिटं मावायची. आपल्या केरीच्या केसरबाईंसारख्या गायिकेलाही त्या तीन मिनिटांतच राग बसवावा लागला. अशा तबकड्या पुस्तकासारख्या बांधलेल्या पाकिटांत ठेवायचे, त्या पुस्तकालाच अल्बम म्हणत. शब्द तिथूनच आला. १९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीने मिनिटाला सव्वातेहतीस... नाही, नीट सांगायचं तर तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेऱ्या घेणारी लाँगप्ले तबकडी आणली, आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटं सलग मिळाली. तेव्हापासून पहिलं कोण आणि मागून कोण हा प्रश्न खऱ्या अर्थाने जन्माला आला.

त्या तबकडीची एक गंमतशीर गोष्ट स्टुडिओतल्या तरुणांना माहीत असावी म्हणून सांगतो. तबकडी एकाच वेगाने फिरते, पण कडेचा घेर मोठा आणि मधला लहान. बारा इंची तबकडीच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच सरकते. शेवटच्या गाण्यापाशी पोचेपर्यंत ते २० सेंटिमीटरच्या आसपास येतं. म्हणजे तेवढाच आवाज कमी जागेत कोंबावा लागतो. झांजेची किणकिण, सतारीची तार, स-श-ष चे उच्चार आतल्या बाजूला चिरकायला लागतात. पहिल्या गाण्याला सगळ्यात ऐसपैस जागा मिळायची. त्यामुळे जुने जाणते लोक झांजा-तारांच्या चढ्या आवाजांचं काम कडेला ठेवायला बघायचे. आता तुमच्या फाईलला ना कड आहे ना मध्य. जागेची सक्ती गेली, पण ऐकणाऱ्याचा कान पहिल्या गाण्यापाशीच सगळ्यात ताजा असतो, त्यात काही बदल झालेला नाही.

माझ्या दुकानात वर्षानुवर्षं न थांबता विकली गेलेली एक कॅसेट होती, 'कॉल ऑफ द व्हॅली'. १९६७ सालचं काम. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार. काश्मीरच्या खोऱ्यातल्या एका मेंढपाळाचा दिवस त्यांनी वाद्यांतून मांडला आहे. सुरुवात अहीरभैरव-नटभैरवने होते, म्हणजे पहाटेपासून. आणि शेवट पहाडीवर. आता कुणी हे उलटसुलट लावून ऐकलं तर प्रत्येक तुकडा गोडच लागेल, बासरी ती बासरीच. पण दिवस उगवणार नाही. शांत डोक्याने, पहाटेच्या अंधारात, कुठलीही घाई न करता त्यांनी सुरुवात केली आहे. ज्यांनी शास्त्रीय संगीत कधी ऐकलं नव्हतं अशी कितीतरी माणसं ती कॅसेट घेऊन गेली आणि आठवड्याने परत येऊन म्हणाली, "अशी आणखी काही आहे?" माझी खात्री आहे की त्यांना दारातून आत घेतलं ते त्या पहिल्या भागाने.

आणि आपल्या भाषेत सुरुवात कशी करावी याचा धडा हवा असेल तर 'गीतरामायण' उघडा. १ एप्रिल १९५५, शुक्रवार, रामनवमी. पुणे आकाशवाणीवरून पहिलं गीत गेलं: 'स्वये श्री रामप्रभू ऐकती'. पुढे वर्षभर दर आठवड्याला एक याप्रमाणे ५६ गीतं झाली. ग. दि. माडगूळकरांना रामजन्मापासून सुरुवात करता आली असती; रामनवमीच होती, पाळण्याची सोय आयती होती. त्यांनी तसं केलं नाही. पहिल्या गीतात रामाचा जन्म नाही, रामाची सभा आहे. राजा राम बसला आहे आणि दोन मुलं त्यालाच त्याची कथा गाऊन दाखवत आहेत. मुलं त्याचीच आहेत, हे त्याला ठाऊक नाही; ऐकणाऱ्या आपल्याला ठाऊक आहे. एका गीतात माडगूळकरांनी गाणारे कोण, ऐकणारा कोण, कथा कुणाची, हे सगळं मांडून टाकलं. नंतरची सगळी गीतं त्या सभेत गायली जात आहेत असं आपल्या मनात बसतं. आणि छप्पन्नाव्या गीतात वाल्मीकी त्याच मुलांना सांगतात, जा, गा. म्हणजे शेवटचं गीत संपतं तिथे पहिलं सुरू होतं.

सुधीर फडक्यांनी त्या पहिल्या गीताला भूप दिला. पाच सुरांचा, मोकळा, लहान मुलांच्या तोंडी शोभेल असा. पहिल्याच गीतात त्यांनी गळ्याची कसरत केली नाही. ती करायला पुढे पंचावन्न गीतं होती. या पहिल्या गीताचा कागद ऐनवेळी हरवला आणि माडगूळकरांना ते पुन्हा लिहून द्यावं लागलं, ही आठवण त्या मंडळींनी सांगून ठेवली आहे. मला ती आठवण एवढ्यासाठी मोलाची वाटते की कागद हरवला तरी सुरुवात कुठून करायची हे त्यांच्या मनात पक्कं होतं. शब्द पुन्हा जुळवता येतात. ती जागा आधी सापडलेली असावी लागते.

मंडळी, हे सगळं तुम्हाला परकं नाही. गोव्यात तर नमनाशिवाय काही सुरूच होत नाही. शिगमो, म्हणजे शिमगा, गावच्या मांडावर नमन घालून सुरू होतो. जागोर या लोकनाट्याला नमन आहे. पेडण्याकडे दशावतार बघायला जा, मुख्य आख्यानाआधी आडदशावतार, त्यात गणपती येतो, संकासूर येतो, तोवर पोरंटोरं अंगणात जागा धरून बसतात. तियात्राचा, म्हणजे कोंकणी नाटकाचा, पडदा वर जाण्याआधी बँड वाजतो आणि सुरुवातीचं कांतार, म्हणजे गाणं, होतं. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणलं, त्याची 'पंचतुंड नररुंडमालधर' ही नांदी आज दीडशे वर्षं व्हायला आली तरी आपल्या देवळांच्या मंडपांत नाटकाआधी उभं राहून म्हणतात. आणि भजनाचा क्रम तर तुम्हाला मी काय सांगावा? आधी नामाचा गजर, मग रूपाचा अभंग, मग पुढचं. कुठल्याही बुवाने गौळणीपासून भजनाला हात घातलेला मी बघितला नाही. मग तेच बुवा स्टुडिओत गेल्यावर लोकांना आवडते म्हणून गौळण पहिली का ठेवतात?

आपल्याकडे म्हण आहे, नमनाला घडाभर तेल. ती खरी आहे आणि तिचा धाक असायलाच हवा. काही अल्बम असे येतात की पहिली सहा मिनिटं ढगांचा गडगडाट, शंख, मग भारदस्त आवाजात निवेदन, मग कोरस, आणि मुख्य गायक दुसऱ्या गाण्यापर्यंत भेटतच नाही. तेही नको. निवेदन करायचंच असेल तर 'गारवा' पुन्हा ऐका. मिलिंद इंगळेंच्या गाण्याआधी सौमित्र कविता म्हणतात. मोठ्याने नाही, शेजारी बसून बोलल्यासारखी. उकाडा आहे, पाऊस यायचा आहे, एवढंच. ती कविता संपून गाणं सुरू होतं तेव्हा ऐकणारा आधीच खिडकीत जाऊन उभा असतो. मे महिन्याच्या अखेरीस माझ्या दुकानात ती कॅसेट लावली की रस्त्यावरून जाणारी माणसं पायरीवर थांबायची. मराठी अल्बमच्या सुरुवातींत माझी सगळ्यात आवडती कोणती असं विचारलंत तर हीच सांगेन.

इतर भाषांतल्या सुरुवातींची गोडी मला लावली मडगावच्या एका ट्रम्पेटवाल्या सायबाने. आयुष्य मुंबईत वाद्यवृंदांत काढून ते गावी परतले होते. महिन्यातून एकदा यायचे, स्वतःच्या तबकड्या घेऊन. जॅझ ट्रम्पेटवादक माईल्स डेव्हिसची १९५९ ची 'काइंड ऑफ ब्लू' त्यांनीच मला पहिल्यांदा ऐकवली. पहिली रचना 'सो व्हॉट'. सुरुवातीला नुसता पियानो आणि बास, ताल धरलेला नाही, दोघं एकमेकांचा अंदाज घेत आहेत. मग बास मुखडा धरतो आणि बाकीचे त्याला उत्तर देतात. मी म्हटलं, सायबा, हा तर आलाप झाला. ते टेबलावर थाप मारून म्हणाले, "तेंच सांगपाक तुका आयकयलें."

बीटल्सची 'सार्जंट पेपर्स' ही १९६७ ची तबकडी त्यांनी लावली तेव्हा मला वाटलं मुद्रणात काही बिघाड आहे. गाणं नाहीच, वाद्यं जुळवताहेत, समोर लोकांची कुजबुज. म्हार्दोळच्या जत्रेत नाटकाचा पडदा उघडण्याआधी जे ऐकू येतं तेच. काही क्षणांत आपण मंडपात बसलेलो असतो. त्याच मंडळींनी १९६४ साली 'अ हार्ड डेज नाइट'ची सुरुवात नुसत्या एका झणत्कारावर केली. गिटारींचा एक आघात आणि लगेच गाणं. एक सुरुवात सावकाश बसवून घेणारी, दुसरी हात धरून ओढणारी. दोन्ही बरोबर, कारण पुढे काय येणार हे दोघींना ठाऊक होतं.

फर्मागुडीच्या कॉलेजची मुलं जोरकस इंग्रजी गाणी मागायची, मला त्यातलं फार कळायचं नाही. पण १९७० चा 'ब्लॅक सबाथ' हा अल्बम मी एका जून महिन्यात लावला आणि तो दिवस विसरलो नाही. पाऊस पडतो आहे आणि लांब घंटा वाजते आहे. बाहेर खरा पाऊस होता. मी डेकचा आवाज कमी करून दारात जाऊन बघितलं, कुणी गेलं की काय. आपल्याकडे इगर्जेची, म्हणजे चर्चची, घंटा अवेळी वाजली की माणूस तेच विचारतो. मुलं हसली नाहीत. त्यातला एक म्हणाला, "काका, हेच तर आहे." पुढचं संगीत मला झेपलं नाही, पण सुरुवात करणाऱ्याला मी मनोमन हात जोडले.

आणि १९९७ चा ऑगस्ट. रहमानचा 'वंदे मातरम' आला. पहिलंच गाणं 'माँ तुझे सलाम'. त्या आठवड्यात दुसरं काही लावायला वेळच मिळाला नाही. सगळ्यात मोठं गाणं पहिलं ठेवू नये असा काही नियम नाही, हेही त्याने दाखवून दिलं. पुढे सगळा अल्बम त्या हाकेला पुरा पडणार असेल, तर घाला खुशाल.

कॅसेटची एक सोय मात्र गेली, त्याची हळहळ वाटते. तिला दोन पहिली गाणी असायची. ए साईड संपली की खटका पडायचा, माणूस उठायचा, कॅसेट उलटायचा, आणि बी साईडचं पहिलं गाणं हे दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीसारखं यायचं. कितीतरी संगीतकार आपलं मनाजोगतं, धाडसी काम तिथे ठेवायचे. तुमच्या दहा गाण्यांच्या अल्बममध्ये सहावं गाणं कोणतं, हेही जरा बघा.

आता तुमचं म्हणणं मला माहीत आहे, कारण तुम्ही ते मला तोंडावर सांगितलं आहे. काका, हल्ली अल्बम कोण ऐकतं? अॅपवर एखादंच गाणं ऐकतात. त्यातही स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकलं तर ते ऐकलं असं मोजतात, म्हणून जे काय दाखवायचं ते पहिल्या तीस सेकंदांत दाखवायचं. मला ही तीस सेकंदं नवीन नाहीत. माझ्या काउंटरवर गिऱ्हाईक तेवढाच वेळ द्यायचं. बावीस वर्षांचा अनुभव सांगतो: ओरडून सुरू होणाऱ्या कॅसेटकडे माणूस मान वळवायचा, पण विकत घ्यायचा ती कॅसेट, जिच्या सुरुवातीला तो स्वतः बोलायचा थांबायचा. त्या दोन्हींत फरक आहे, आणि तो मी रोज डोळ्यांनी बघितला आहे.

शिवाय क्रमाने ऐकणारे संपलेले नाहीत. २०२१ साली अॅडेल या गायिकेने आपला अल्बम काढताना स्पॉटिफायला सांगितलं की अल्बमच्या पानावर आपोआप गाणी उलटीसुलटी लावणारं बटण पुढे ठेवू नका, आणि त्यांनी ते मागे घेतलं. तिच्याएवढं वजन आपल्यापैकी कुणाचं नाही, कबूल. पण आपले ऐकणारे कोण आहेत ते बघा. पहाटे देवळाच्या सभामंडपात पेनड्राइव्ह लावणारा पुजारी. पणजी-फोंडा मार्गावरचा बसवाला. दुपारी एकटी घरात बसलेली, गुडघे दुखतात म्हणून देवळात जाता येत नाही अशी आजी, जिला नातवाने एकदा चालू करून दिलं की पुढचं गाणं बदलताही येत नाही. ही सगळी माणसं तुमचा अल्बम तुम्ही लावलेल्या क्रमानेच ऐकतात. मुंबईतल्या किंवा परदेशातल्या कुठल्याशा यादीत तुमचं गाणं लागेल की नाही कोण जाणे. पण ही माणसं तर आहेतच.

त्यांच्यासाठी काही साध्या गोष्टी करा. फाईलच्या नावाआधी ०१, ०२ असे आकडे घाला. बसमधला प्लेअर गाणी नावाच्या किंवा आकड्यांच्या क्रमाने लावतो. आकडे नसले तर तुमचं नमन चौथ्या नंबरवर जातं आणि पसायदान पहिलं. हे मी स्वतः एका बसमध्ये ऐकलं आहे, आणि ज्या मंडळाचं ते होतं त्यांना अजून पत्ता नसेल. आभार शेवटी घाला किंवा पाकिटावर छापा. पहिलं गाणं सगळ्यांत शेवटी मुद्रित करा. बाकीचं सगळं गाऊन झालं की आपण नेमकं काय केलं आहे ते कळतं, आणि मगच त्याला दार बसवता येतं. सकाळचे अभंग असतील तर रात्रीच्या रागाने उघडू नका. स्टुडिओवाल्यांना एक वेगळी विनंती: गळ्याआधीची दोन सेकंदं सफाईच्या नावाखाली कापू नका. गायक श्वास घेतो तो ऐकू येऊ द्या.

कुणी म्हणेल, क्रमाचं एवढं काय? १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी अंतराळात गेली. पृथ्वीवरच्या संगीताचे सत्तावीस नमुने तिच्यावर आहेत. ऐकणारा कोण असेल, त्याला कान असतील की नाही, कशाचाच पत्ता नव्हता. तरी कुणीतरी बसून ठरवलं की पहिलं काय असावं. पहिली आहे बाखची ब्रँडनबर्ग मालिकेतली दुसरी रचना, तिचा उत्साही पहिला भाग. आणि शेवटच्या तीनांत आहेत आपल्या केसरबाई केरकर, 'जात कहां हो', भैरवी. मैफलीत भैरवी शेवटाकडेच गातात, तिथेही ती शेवटाकडेच आली. फोंडा महालातल्या केरी गावची बाई आज सूर्यमालेच्या पलीकडे आहे, आणि तिथेही ती आपल्या जागेवर आहे. मला हे आठवलं की अंगावर काटा येतो.

शेवटी गेल्या चवथीआधीची एक गोष्ट सांगतो आणि थांबतो. म्हार्दोळजवळच्या एका घरात मुलांचं घुमट आरतीचं मुद्रण चाललं होतं. मला बोलावलं होतं. ओसरीवर दोन माईक, एक लॅपटॉप, बाहेर मुसळधार पाऊस. दमट हवेने घुमटांची कातडी सैल पडली होती. पूर्वी घोरपडीचं कातडं असायचं, कायद्याने ते बंद झालं आणि आता बकरीचं चढवतात. तेही पावसात असंच ढिलं होतं. घुमट हे २०१९ पासून राज्याचं वारसा वाद्य झालं आहे, पण ऊब मात्र त्याला अजून चुलीचीच लागते. मुलं एकेक घुमट आत नेऊन चुलीपुढे धरत होती आणि परत आणून वाजवून बघत होती. पहिला आवाज भिजलेल्या पोत्यावर मारल्यासारखा. पुन्हा आत. मग थोडा वर चढलेला. डाव्या तळव्याने मातीचं लहान तोंड झाकत-उघडत एक मुलगा घुमटाला बोलता करत होता. मध्येच शामेळ या चर्मवाद्यावर दोन काठ्या पडल्या. कासाळं, म्हणजे झांज, एकदाच किणकिणलं. आतून आजीचा आवाज आला, "आरत्यो केन्ना सुरू करतले रे?" आणि तेवढ्यात घुमट लागला. जसा लागायला हवा तसा. सगळे एकदम गप्प झाले, आणि कुणी न सांगता आरती सुरू झाली.

लॅपटॉपवरचा मुलगा नंतर म्हणाला, "सॉरी काका, रेकॉर्डिंग चालूच राहिलं होतं. पुढचं ते कापून टाकतो."

मी त्याचा हात धरला. सगळ्यांना बसवून ते परत ऐकवलं, दोनदा. पाऊस, चूल, ढिला घुमट, काठ्या, आजी, आणि मग तो घुमट. मोजून पन्नास सेकंद. ती मुलं शहाणी, मी काही बोलायच्या आत त्यांतला सगळ्यात धाकटा म्हणाला, "हेच पहिलं ठेवूया."

या चवथीला त्यांचा अल्बम येतो आहे. तुमच्यापैकी ज्यांचं मुद्रण अजून व्हायचं आहे त्यांनी पहिल्या गाण्याची जागा तूर्त मोकळी सोडा. हवं तर घरी या. दुकान गेलं, पण डेक, तबकड्यांचं यंत्र आणि दोन जुने स्पीकर चालू आहेत, आणि संध्याकाळी पाचनंतर मी मोकळाच असतो. आपण बसून सगळी गाणी एकदा ऐकू आणि कुठून सुरुवात करायची ते ठरवू.

आपला,
फोंड्याचा जुना कॅसेटवाला